किती वेढे?

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं काष्टौषधींचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. त्यांच्यानंतर गल्ल्यावर मी बसते. हल्ली गिऱ्हाईक मोबाईलच पुढं करतं, "मावशी, ह्यात लिहिलंय तेवढं सगळं द्या." यादीतल्या वस्तू बहुतेक वेळा बरोबर असतात. किती घ्यायचं, कसं घ्यायचं आणि कधी थांबायचं, हे मात्र कुठंच नसतं.

बाळगुटीचं सामान न्यायला पूर्वी राधानगरी, गगनबावड्याकडच्या आज्या यायच्या. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हिरडा, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, डिकेमाली, खारीक, बदाम. त्यांच्या बोलण्यात वस्तूंपेक्षा वेढेच, म्हणजे सहाणेवर उगाळायचे फेरेच, जास्त असायचे. सहाणेवर जायफळाचा एकच वेढा, वेखंडाचा अर्धा, बदामाचे चार चालतील. पोटात मुरडा असेल तर मुरुडशेंगेचा एक वाढवायचा, शी पातळ होत असेल तर हिरडा बंद. एवढ्या सगळ्यातून बाळाच्या तोंडात जायचं ते बोटभर चाटण. आता तेच सामान मिक्सरमधून काढून पूड करतात आणि चमच्यानं देतात. जायफळ जास्त झालं की मूल गुंगतं. वेखंडातल्या बीटा-असारोन या अपायकारक घटकामुळं अमेरिकेनं १९६८ साली ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. त्यातून डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको म्हणतात. मीही येणाऱ्या प्रत्येकीला तेच सांगते.

कृतीला किती किंमत असते, ते तू योयो या चिनी संशोधिकेच्या कामात दिसतं. मलेरियावर औषध शोधायला त्यांनी जुने ग्रंथ चाळले. छिंगहाव या वनस्पतीचा अर्क आधी एकसारखा गुण देईना. चौथ्या शतकातल्या को होंग या वैद्यानं लिहून ठेवलं होतं की मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवायची, पिळायची आणि तो रस प्यायचा. उकळायचा उल्लेखच नाही! उष्णतेनं गुण जात असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९७१ साली त्यांनी ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला आणि तो लागू पडला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं, आणि २०१५ साली नोबेल. सोळाशे वर्षांपूर्वी त्या वैद्यानं नुसतं 'तापावर छिंगहाव' एवढंच लिहिलं असतं तर?

इंग्लंडात श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीकडं अंगावरच्या सुजेचा घरगुती काढा होता, वीसेक वनस्पतींचा. विल्यम विदरिंग या डॉक्टरनं त्यातली गुणाची एक ओळखली, फॉक्सग्लोव्ह. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. सुमारे दहा वर्षं रोग्यांवर मात्रा ठरवत बसला आणि १७८५ साली पुस्तक काढलं. ही वनस्पती हृदयाला आधार देते, आणि थोडी जास्त झाली तर तीच हृदय बंद पाडते. त्या म्हातारीचं नाव मात्र खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुकानदार म्हणून माझी झोप उडवणारी गोष्ट ब्रुसेल्सची आहे. १९९०च्या सुमाराला तिथं वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी तिच्यासारख्याच नावाची दुसरी पडली, ॲरिस्टोलोकियाची. शंभरेक बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, काहींना पुढं मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. आपल्याकडची सापसंद त्याच कुळातली. गावाकडचे लोक विंचू-सापावर म्हणून मागतात. मी ती ठेवणं बंद केलंय आणि साप चावलेल्याला थेट सीपीआर या इथल्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगते. त्यावरून दोन-चार जुनी गिऱ्हाइकं तुटली, पण माझा निर्णय कायम आहे.

अलीकडं मी गल्ल्यावर एक वही ठेवलीय. कुणी आजी आली की तिला बसवून, चहा देऊन विचारते. काय, कशात उगाळायचं, किती वेढे, कोणत्या महिन्यापासून, कशावर द्यायचं नाही. हे वाचणाऱ्यांच्या घरात अशी सहाण अजून वापरणारं कुणी असेल, तर एवढं विचारून मला लिहून पाठवा. प्रमाण नक्की आठवत नसेल तर ती जागा मोकळी सोडा, अंदाजानं भरू नका.