ओळंबा आणि डेल्फ्टचा कलता मनोरा

भूजल सर्वेक्षणाच्या कामात माझी बारा वर्षे मराठवाड्यात गेली आहेत. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजायची, ती किती खाली गेली ते नोंदवहीत लिहायचे आणि ग्रामसभेत उभे राहून “उपसा कमी करा” असे सांगायचे, हा या कामाचा गाभा. नेदरलँड्समधील डेल्फ्ट या गावी १९५७ पासून पाणी-अभियंत्यांना शिकवणारी एक संस्था आहे. तिथे काही आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी गेले असताना वर्गात एक प्रश्न मांडला गेला, आणि माझे उत्तर अर्थातच तयार होते.

गावाच्या उत्तरेकडील यीस्टचा कारखाना आपली यंत्रे थंड ठेवण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जमिनीखालच्या वाळूच्या थरातून पाणी उपसत होता. पुढे हा उपसा ताशी हजार घनमीटरहून अधिक झाला. कालांतराने कारखान्याची गरज संपली, तरीही पंप थांबले नाहीत. सार्वजनिक संस्थांनी ते आपल्याकडे घेऊन चालू ठेवले. या पंपांचे काय करावे, असा प्रश्न होता. मी हात वर करून म्हणाले की ते आजच बंद करावेत, जमिनीला विसावा मिळेल. प्राध्यापकांनी माझे उत्तर खोडले नाही. “उद्या सकाळी आपण गावातून फिरू,” एवढेच ते म्हणाले.

डेल्फ्ट या नावाच्या मुळाशी ‘खणणे’ हा अर्थ आहे, आणि जो कालवा खणल्यामुळे गावाला हे नाव पडले त्याच्या, म्हणजे ‘औदे डेल्फ्ट’च्या, काठानेच आम्ही चालत होतो. पाणी रस्त्यापासून इतके जवळ होते की आमच्या भागातल्या चाळीस-पन्नास हात खोल विहिरींची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना ते सांडेल की काय असे वाटत राहिले. एका वळणावर जुन्या चर्चचा मनोरा समोर आला. चौदाव्या शतकातला, सुमारे ७५ मीटर उंचीचा हा विटांचा मनोरा ओळंब्यापासून जवळजवळ दोन मीटर कललेला आहे. माझे वडील गवंडीकाम करीत, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास न ठेवण्याची सवय मला घरातूनच लागली आहे. मी खोलीची किल्ली दोऱ्याला बांधली, हात लांब करून ती मनोऱ्यासमोर धरली आणि एक डोळा मिटून पाहिले. दोरा आणि भिंत यांच्यामधली फट वर वर जाताना रुंदावत होती. कल बांधकाम चालू असतानाच लक्षात आल्यामुळे कारागिरांनी वरचे थर सरळ उभे करण्याचा प्रयत्न केला होता. माथ्यावरचे चार कोपऱ्यांतले छोटे मनोरे त्यामुळे दोऱ्याशी बऱ्यापैकी जुळत होते. चूक सुधारण्याची ही धडपड दगडाविटांत गोठून राहिलेली मी प्रथमच पाहत होते.

मनोरा कलला त्याचे कारण त्याच्या पायाखाली होते. जागा अपुरी पडल्यामुळे कालव्याचा प्रवाह बाजूला वळवून, जुना पाट बुजवून, त्यावर पाया घेतला गेला. बुजवलेल्या ओढ्यावर घर बांधू नये, हे आपल्याकडे खेड्यातला गवंडीही सांगतो. याच मनोऱ्यात १५७० मध्ये ओतलेली, सुमारे नऊ टन वजनाची घंटा आहे. कंपनांच्या भीतीने ती राजघराण्यातील अंत्यविधीसारख्या क्वचित प्रसंगीच वाजवतात. चित्रकार व्हर्मीर आणि सूक्ष्मदर्शकातून जीवजंतू पाहणारा लेवेनहुक, दोघांच्याही कबरी आत आहेत. बिअरमधले यीस्टचे कण १६८० मध्ये प्रथम न्याहाळणाऱ्या माणसाच्या गावाची जमीन पुढे यीस्टच्याच कारखान्याशी अशी बांधली जावी, याची मला गंमत वाटली.

डच स्वातंत्र्यलढ्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची १५८४ मध्ये ज्या वाड्यात हत्या झाली, तो प्रिन्सेनहोफ आणि बाजारचौकातील नव्या चर्चचा १०० मीटरहून उंच मनोरा आम्ही बाहेरूनच पाहिला. कालव्याच्या काठावर डच ईस्ट इंडिया कंपनीची जुनी इमारत दिसली, तेव्हा मात्र माझी पावले रेंगाळली. कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टला होती, आणि माझ्या आजोळी, वेंगुर्ल्याला, त्याच कंपनीच्या वखारीच्या पडक्या भिंतींवर लहानपणी आम्ही लपाछपी खेळलो आहोत.

प्राध्यापक मात्र आम्हाला दाखवायला आणत होते ते पाणी-मंडळाचे घर. कोरीव दगडी दर्शनी भाग आणि रंगीत ढाली असलेली ही सोळाव्या शतकाच्या आरंभीची वास्तू १६४५ पासून डेल्फलंडच्या पाणी-मंडळाकडे आहे. हे मंडळ १२८९ हे आपले स्थापनावर्ष मानते, म्हणजे ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये पूर्ण झाली त्याच्या जेमतेम एक वर्ष आधीचे. त्याचे बहुतेक सभासद आजही निवडणुकीने येतात आणि ते स्वतःची पाणीपट्टी लावते. बांध, कालवे आणि पंप यांचा कारभार इतकी शतके एका गादीवरून अखंड चाललेला पाहून मला हेवा वाटला, हे कबूल करते.

त्या दारासमोर उभे राहून प्राध्यापकांनी माझ्या उत्तराकडे मोर्चा वळवला. आपल्याकडे पाणी असते ते काळ्या कातळाच्या भेगांत. ते उपसल्याने कातळ दबत नाही. इथे वाळूवर चिकणमाती आणि पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा मऊ थर आहे. इतकी वर्षे वाळूतला दाब कमी ठेवल्यामुळे हे थर आवळून बसले, आणि अनेक इमारती, तळघरे, रस्ते त्या बसलेल्या जमिनीच्या भरवशावर उभे राहिले. पंप एकदम थांबले तर दाब वाढून जमीन काही सेंटिमीटर वर उचलली जाईल, तीही सगळीकडे सारखी नव्हे. जिथे ती कमी-अधिक उचलली जाईल तिथे जुन्या विटकामाला तडे जातील, तळघरांत पाणी शिरेल, जमिनीखालच्या बांधकामांना खालून रेटा बसेल. म्हणून उपसा टप्प्याटप्प्याने, मोजत मोजत कमी करायचा. “तुमची जमीन तहानलेली आहे,” ते म्हणाले, “आमची जमीन सवय लागलेली आहे.”

दुपारी आम्हाला एका निरीक्षण नळीची पातळी मोजायला दिली. फीत आत सोडली, पाण्याला टेकल्याची खूण मिळाली, आकडा लिहिला. मागच्या नोंदीपेक्षा पाणी थोडे वर आले होते. बारा वर्षांच्या सवयीने शेऱ्याच्या रकान्यात माझ्या हाताने देवनागरीत लिहून टाकले: ‘पातळीत वाढ, समाधानकारक’. प्राध्यापकांनी वाकून पाहिले आणि याचा अर्थ विचारला. अर्थ सांगता सांगताच मी शेवटच्या शब्दावर रेघ ओढली.