कागदाएवढी फट

छपराचा लाकडी पूल पाहिला की वाटतं, पावसात गाडीवाला भिजू नये म्हणून केलेली सोय असावी. गाडीवाला भिजो की सुको, सुताराला त्याचं सोयरसुतक नव्हतं. छप्पर असतं ते कैच्यांसाठी, म्हणजे पुलाचा भार पेलणाऱ्या वाशांच्या सांगाड्यांसाठी. उघड्या पुलाच्या सांध्यांत पाणी मुरतं आणि दहा-पंधरा वर्षांत लाकूड कुजतं. झाकला तर तोच पूल शंभरी गाठतो. पत्रा-फळ्या बदलता येतात. कैची बदलायची म्हणजे पूलच नवा.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मॅककॉनेल्स मिल उद्यानात, स्लिपरी रॉक क्रीकवर, १८७४चा असा पूल आहे. कैची हाउ पद्धतीची: तिरके वासे लाकडी, उभ्या सळया लोखंडी. लाकूड सुकून आकसलं की सांधे सैल होतात. मग पाना घेऊन सळईचा नट आवळायचा, पण बेतानं.

शेजारची गिरणी १८५२ची. १८६८मध्ये ती जळाली, मग पुन्हा बांधली.

दगडी गिरणीत सगळा खेळ फटीचा. वरची तळी, म्हणजे वरचा फिरता दगड, टनाच्या घरातली, तरी ती खालच्या तळीला टेकता कामा नये. तोंडापाशी फट जरा जास्त, कडेला कागदाएवढी. जात्यात आपण मूठमूठ वैरतो. इथे तळीबरोबर फिरणारी दांडी दाण्यांच्या पन्हळीला हिसके देते. पाण्याचा जोर वाढला की हिसके वाढतात, दाणे जास्त पडतात, वरची तळी उचलली जाते आणि पीठ भरड येतं. मग स्क्रूनं तळी खाली घ्यायची. दाणे संपले तर उलटी पंचाईत: दगडाला दगड घासून ठिणगी उडते, आणि हवेत पिठाची धूळ! म्हणून दाण्यांच्या पेटीला घंटी.

पीठ चिमटीत चोळून बघायचं. गरम लागलं तर फट कमी आहे, नाहीतर दगडाची टाकी, म्हणजे त्यावर ठोकून पाडलेल्या खाचा, बोथट झाली आहे. आपल्याकडचा गिरणीवालाही दगड टाकवायला काढतो तो याच लक्षणावर.

१८७५मध्ये थॉमस मॅककॉनेल यांनी गिरणी विकत घेतली, पाणचक्र काढून टर्बाइन बसवलं आणि तळ्यांच्या जागी लोखंडी रूळ, म्हणजे जोडीनं फिरणारे दंडगोल, आणले. रुळांत गव्हाचा अंकुर चपटा होऊन चाळणीत अडकतो. त्याचं तेल पिठात उतरत नाही, म्हणून पीठ पांढरं आणि टिकाऊ. चव मात्र गेली. गिरणी १९२८पर्यंत चालली. रुळांनाही फट लागतेच, आणि ती एका टोकाला जरा जास्त राहिली की निम्मं पीठ, निम्मा रवा.