नीलच्या बेटावरून मुलचेऱ्याला

अंदमानात पाच रात्री काढल्या. त्यातल्या चार रात्रींबद्दल मला फारसं सांगायचं नाही. सेल्युलर जेलमध्ये सगळ्यांसारखी मीही रडले, राधानगरच्या किनाऱ्यावर फोटो काढले, आणि जिथे जाऊ तिथे 'खास महाराष्ट्रीयन जेवण' म्हणून पनीर खाल्लं. गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात आयुष्य गेलं, पण एवढं पनीर कधी पोटात गेलं नव्हतं. दोन एकरांचं धान विमानाच्या तिकिटात घालून समुद्राकाठी पनीर खायचं, याचा मला तिसऱ्या दिवशी संताप आला. मोठ्या जाऊबाई मात्र सुखात होत्या. त्यांच्या पिशवीत तांदळाचे पापड, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि ठेचा होता.

नील बेटावर मी हट्टाने घरगुती मुक्काम ठरवला होता. २०१८ पासून त्याचं सरकारी नाव शहीद द्वीप, पण जेटीवरचा रिक्षावाला नीलच म्हणाला. जायच्या आधी महिनाभर मी घरात सगळ्यांना ऐकवलं होतं की स्थानिकांकडे राहायचं, ते खातील ते खायचं, प्लास्टिकची बाटली घ्यायची नाही. स्टीलच्या चार बाटल्या घेतल्या. त्यातली एक नागपूर विमानतळावरच विसरली, ते सोडा.

घर बंगाली शेतकऱ्याचं. मागे सुपारीची झाडं, त्यापलीकडे भाजीची वाफ्यावाफ्यांची शेती आणि चक्क धानाच्या बांध्या. नील हे अंदमानचं भाजीचं कोठार. इथली वांगी-कारली बोटीने पोर्ट ब्लेअरला जातात. (त्याचंही नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं.) बांध्या दिसल्याबरोबर आमच्या यांनी चप्पल काढून धुऱ्यावर उतरून ओंब्या चोळून पाहिल्या. समुद्रासाठी आलेला माणूस अर्धा तास तिथून हलेना.

भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, मात्र नाराज. खोलीत एसी नव्हता. घरमालक म्हणाले, इथली वीज बहुतेक डिझेलवर, आणि डिझेल येतं बोटीने, त्यामुळे पंख्यावर भागवा. पाणी मोजून मिळालं. अंघोळीला माणशी दोन बादल्या. पाऊस इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आमच्या गडचिरोलीच्या जवळजवळ दुप्पट. पण बेट एवढंसं, पडलेलं पाणी धरून ठेवायला जागाच कुठे? आमच्याकडे पाणी साठवणारे जुने मालगुजारी तलाव नसते तर आमचंही असंच झालं असतं, हे मी भासऱ्यांना सांगायला गेले, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

जाऊबाईंनी बादलीकडे पाहून माझ्या कानाशी म्हटलं, "एवढ्याशा पान्यात का आंग धुवाचं जी?"

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "पुरते जी. आमी रोजच धुतो."

आम्ही दोघी खांबासारख्या उभ्या. घरमालकीण पदराला हात पुसत बाहेर आली आणि विचारलं, "कोन्या गावचे होय तुमी?"

ती मुलचेरा तालुक्यातली निघाली. माझ्या गावापासून बावीस किलोमीटर. आमच्याकडे ज्यांना आम्ही सरसकट 'बंगाली' म्हणतो, त्या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या गावातली लेक. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, चांदा जिल्ह्याचाच भाग होता. साठच्या दशकात तिच्या बापाचं बिऱ्हाड तिकडे जंगल तोडून वसवलं गेलं. बापाच्याच मूळ गावातलं दुसरं एक घर जहाजात बसून अंदमानला आलं होतं. त्या घरात हिला दिली. शाळा तिची मराठी. सातवीपर्यंत. "इकडं बोलाले कोनीच नाही," ती म्हणाली, आणि मग रात्री अकरापर्यंत बोलली.

सूर्य सव्वापाचलाच बुडाला होता. लक्ष्मणपूरचा सूर्यास्त पाहायचा आमचा बेत तसाच राहिला. ती तव्यावर मासे परतत होती, मोहरीच्या तेलाचा वास डोळ्यांत जात होता, आणि ती विचारत होती की घोटच्या बाजारात अजून तसाच चिखल होतो का, मार्कंड्याच्या जत्रेत मौतका कुआ येतो का, वैनगंगेवरचा पूल झाला का. जाऊबाईंनी आपले लाखोळीचे वडे काढून तिच्या ताटात ठेवले. तिने एक वडा हातात घेऊन नुसताच धरून ठेवला. खाल्ला नाही लवकर.

सकाळी ओहोटीला लक्ष्मणपूरच्या दगडी कमानीकडे गेलो. तिथे प्रवाळावरून बूट घालून माणसं चालत होती, एकाने समुद्रकाकडी नावाचा जिवंत प्राणी उचलून सेल्फी काढला. मी पुतण्याला चांगलं दहा मिनिटं व्याख्यान दिलं. शिक्षिका आहे, सवय आहे.

निघताना पिशवी भरत होते तेव्हा तिने माझा रुमाल उचलला, तो जड लागला. उघडला तर आत पांढरा, फांद्यांचा, तळहाताएवढा प्रवाळाचा तुकडा.

"हे कोनाचं होय?"

मी म्हटलं, पोराने उचललं असेल. पोरगा तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही.

"मेलेलंच होतं," मी पुढे जोडलं.

"मेलेलंच तं दळून रेती होते जी," ती म्हणाली. "इमानतळावर काढून घेतेत. कागदं करतेत." रागावली नाही. रुमाल परत बांधून माझ्या हातात दिला. बोट साडेदहाची होती. मी भरतपूरच्या किनाऱ्यापर्यंत चालत गेले, गुडघाभर पाण्यात तो तुकडा सोडला, साडी भिजली, आणि बोटीत दोन तास ओल्या साडीत बसले. कोणी काही विचारलं नाही.

तिने निरोपाला सुपारीची थैली दिली होती. आईला द्या, म्हणाली. पत्ता असा काही नाही, गावात कोणालाही विचारा.

थैली आमच्या घरी अडीच महिने पडून राहिली. दोन हजार किलोमीटर जाऊन आले, बावीस होईनात. शाळेची तपासणी, मग लग्न, मग मार्कंड्याची जत्रा. शेवटी एका रविवारी आम्ही मोटरसायकलवर निघालो. सागाचं जंगल संपलं की एकदम घरामागे घर, घरामागे तळं, तळ्याकाठी केळी. त्या रस्त्याने मी निवडणुकीच्या ड्युटीला दोनदा गेले आहे. कोणाच्या ओट्यावर बसले मात्र नव्हते.

म्हातारीने सुपारी आधी हुंगली, मग अडकित्त्याने एक फोडली. "ओली हाय अजून," म्हणाली. पोरीच्या घराचं विचारलं, नातवांचं विचारलं. घराला भिंती पक्क्या आहेत का? पाणी आहे का? मी सांगितलं, दोन बादल्या. ती आपल्या तळ्याकडे बघत बराच वेळ बोलली नाही.

मग माझ्याकडे वळून तिने डोळे बारीक केले. "तू मास्तरीण नं? शुक्रवारच्या बाजारात झिंगे घेतेस. पाच रुपयांसाठी अडून बसतेस."

हे जोरात हसले. मी पण हसले, काय करणार. नीलच्या घरी खोलीचं भाडं मी एक पैसा कमी न करता दिलं होतं, वर शंभर रुपये पोराच्या हातात ठेवले होते. आणि या बाईशी मी आठ वर्षं हुज्जत घातली, तिचं नावही न विचारता.

निघताना तिने कोहळ्याच्या वड्यांचा डबा दिला. पुन्हा जाल तेव्हा पोरीला द्या. आम्ही पुन्हा जाणार नाही, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या शुक्रवारी मी बाजारात तिच्या पालाच्या बाजूला फिरकलेच नाही. दुसऱ्या टोकाला एका पोराकडून झिंगे घेतले. चांगले नव्हते.

डबा फडताळात आहे. जाऊबाई रोज म्हणतात, तळून टाकू या.