मीटरवर एच-आय आलं ती दुपार

आप्पांच्या बोटातला थेंब स्ट्रिपवर घेतला आणि मीटरवर आकड्याऐवजी दोन इंग्रजी अक्षरं आली, एच आणि आय. मला वाटलं स्ट्रिप खराब आहे. त्यांचं बोट धुऊन, पुसून पुन्हा टोचलं. तेच. आमच्या मीटरवर त्याचा अर्थ साखर ६००च्या वर, यंत्राला मोजता येणार नाही इतकी. डब्यातल्या माहितीपत्रकात हे छापलेलं होतं. ती घडी मी कधी उलगडलीच नव्हती.

मे महिना, कराडचं ऊन. चार दिवस आप्पांना लघवीला जळजळ, अंगात बारीक ताप. जेवण जाईना म्हणून त्यांनी मधुमेहाच्या गोळ्याही सोडल्या. "पोटात अन्न नाही, मग साखरेची गोळी कशाला?" आम्हा सगळ्यांना ते पटलंही. पण जंतुसंसर्गात शरीरच साखर वाढवणारी हार्मोन्स सोडतं, उपाशी माणसाचीही साखर चढते. त्यात पाणी-पाणी करतायत म्हणून मी उसाचा रस पाजला. दोनदा.

त्या दुपारी ते मला आत्याच्या नावाने हाक मारायला लागले. जीभ इतकी कोरडी की बोटाला खरखरीत लागली. तोवर आम्ही उन्हाची ग्लानी समजत होतो.

हॉस्पिटलात साखर निघाली ८४२. मला वाटलं आधी इन्सुलिन देतील, पण त्यांनी सलाईन सोडलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, साखर लघवीवाटे जाताना पाणी ओढून नेते, यांच्या अंगातलं कित्येक लिटर पाणी गेलंय. मग बेताबेताने इन्सुलिन, आणि सारखी पोटॅशियमची तपासणी. इन्सुलिनमुळे रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरतं, ते फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

पलीकडच्या खाटेवर टाईप वन मधुमेहाची, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशी, एक कॉलेजातली मुलगी होती. उलट्या, पोटदुखी, खोल धापा, श्वासाला पिकल्या फळासारखा वास. साखर आप्पांच्या निम्मीसुद्धा नाही, तरी जीव धोक्यात, कारण रक्तात कीटोनचं, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारं, आम्ल साचलेलं. तापात खाणं नाही म्हणून तिने इन्सुलिन घेतलंच नव्हतं. टाईप वनला इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नसतं.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी विचारलं, "म्हशीला पाणी दाखवलं का?" मी बाहेर जाऊन रडले.

गोळ्यांचं मात्र इन्सुलिनसारखं सरसकट नाही. आजारपणात काही चालू ठेवतात, काही डॉक्टरच थांबवायला सांगतात. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना फोन करा. दर चार तासांनी साखर बघा, लघवी किती होतेय त्यावर लक्ष ठेवा. माणूस गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल किंवा मीटरवर ती दोन अक्षरं आली, तर १०८ लावा. आणि गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणीही घालू नका, श्वासनलिकेत जातं.