जाहिरात लागली की बाबांचा हात कानाकडे जातो

मी महिन्यातून दोनदा तरी सांगलीला जाते. बाबा आता ७९ चे आहेत, वर्षभरापूर्वी त्यांच्या दोन्ही कानांना मशीन बसवलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की लगेच टीव्ही लागतो आणि दहापर्यंत चालूच असतो, आईच्या दोन सिरियल, मग बातम्या, मग परत एक सिरियल. आमच्या घरी रिमोटला अजून प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड लावलेला असतो आणि त्यातून आवाज कमी करायचं बटण नीट दाबलं जात नाही, दोनतीनदा जोर लावावा लागतो.

मागच्या वेळी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसून बघितलं. सिरियलमध्ये सासू आणि सून स्वयंपाकघरात अगदी हळू बोलत होत्या, बाबांना ऐकू येईना म्हणून त्यांनी आवाज वाढवत वाढवत ३२ वर नेला, चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं, आता कळतंय म्हणून पुढे सरकून बसले आणि तेवढ्यात ब्रेक झाला. साबणाची जाहिरात. बाबांनी दचकून डावा हात कानावर नेला, उजव्या हाताने पिशवीतलं ते बटण दाबायला लागले, दाबलं जाईना, शेवटी कानातलं मशीनच काढून मांडीवर ठेवलं. ब्रेक संपला तरी त्यांना कळलं नाही, आईने खुणेने सांगितलं तेव्हा परत घातलं. असं एका संध्याकाळी चार वेळा झालं.

मला आधी वाटायचं की ज्याला कमी ऐकू येतं त्याला मोठ्या आवाजाचा कसला त्रास. मशीन बसवताना ऑडिओलॉजिस्ट बाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा हळू आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठा आवाज सहन करायची मर्यादा काही वर जात नाही, ती आहे तिथेच राहते. म्हणजे ऐकू येणं आणि कान दुखणं यांच्यामधली जागाच अरुंद होते. तरुण माणसाला जिथे नुसतं "आवाज जरा वाढला" असं वाटतं तिथे यांना थप्पड बसल्यासारखं होतं. आणि हे लोकच तर टीव्हीसमोर सगळ्यात जास्त वेळ बसतात ना!

मी मोबाईलवर आवाज मोजायचं एक ॲप घेतलं आणि फोन बाबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. असली ॲप काही तंतोतंत नसतात, पण फोन तोच, जागा तीच, त्यामुळे फरक तरी कळतो. संवाद चालू असताना आकडा ५८-६० डेसिबलच्या आसपास, जाहिरातीत ६९-७०. दहा डेसिबल वाढले की माणसाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. दर ब्रेकला दुप्पट.

आता मला कुणी म्हणेल की चॅनेलवाले आवाज वाढवत नाहीत, आणि एका अर्थाने ते खरंही आहे. आमच्या केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, आम्ही काही करत नाही, वरूनच तसं येतं." गोम अशी आहे की आवाजाचं सगळ्यात उंच टोक, ज्याला पीक म्हणतात, ते कार्यक्रमाचं आणि जाहिरातीचं सारखंच असू शकतं. सिरियलमध्ये दार आपटलं, कुणी किंचाळलं तर आवाज त्या टोकाला जातो आणि परत खाली येतो, बाकी सगळा वेळ हळू बोलणं. जाहिरात बनवताना मात्र कॉम्प्रेशन करून हळू भाग वर उचलतात आणि सगळं टोकाच्या जवळ नेऊन ठेवतात, म्हणजे ३० सेकंद एकही श्वास घ्यायची जागा नाही. वर आपल्या कानाला २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यातले, म्हणजे जरा तीक्ष्ण, आवाज जास्त टोचतात, तो पट्टा वाढवला की झालं. पीकचा मीटर म्हणतो सगळं नियमात आहे आणि माणूस म्हणतो कान फुटले, आणि दोघंही खरं बोलतात.

म्हणून तर जगात दुसरा मीटर आला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये आवाज माणसाच्या कानाला किती मोठा वाटतो ते मोजायची पद्धत ठरवली, तिच्या एककाला एलकेएफएस म्हणतात, युरोपात त्यालाच एलयूएफएस म्हणतात. युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेने २०१० मध्ये उणे २३ ही पातळी ठरवली, उणे म्हणजे यंत्रणेत मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या तेवढं खाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या खासदार ॲना एशू यांनी याच विषयावर कायदा आणला, लोक त्याला काम ॲक्ट म्हणतात, म्हणजे 'शांत' या अर्थाचा काम. १५ डिसेंबर २०१० ला ओबामांनी सही केली आणि १३ डिसेंबर २०१२ पासून टीव्हीवरची जाहिरात तिच्या आजूबाजूच्या कार्यक्रमापेक्षा सरासरीने मोठी असता कामा नये असा नियम लागू झाला. तिथली पातळी उणे २४. तिथेही तक्रारी संपल्या नाहीत, २०२५ मध्ये तिथल्या एफसीसीने, म्हणजे टीव्ही-दूरसंचाराच्या सरकारी नियामकाने, नियम पुरेसे आहेत का म्हणून लोकांची मतं परत मागवली. आणि तो कायदा टीव्हीपुरता होता, स्ट्रीमिंगला लागू नव्हता, म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०२५ मध्ये वेगळा कायदा केला, त्यात स्ट्रीमिंगवरच्या जाहिरातींसाठी १ जुलै २०२६ ही तारीख आहे.

आपल्याकडे काय आहे हे शोधायला बसले तेव्हा मला खरंच धक्का बसला, कारण आपल्याकडे नियम अमेरिकेच्या कितीतरी आधीपासून आहे! केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४. त्यातल्या सातव्या नियमात जाहिरातींची आचारसंहिता आहे आणि त्यात सरळ लिहिलंय की जाहिरातीतलं चित्र आणि आवाज अवाजवी 'लाउड' नसावेत. तीस वर्षं झाली. पण अवाजवी म्हणजे किती, मोजायचं कशाने, कुणी, किती वेळाची सरासरी धरून, यातलं काहीच नाही. तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत असा आकडाही त्याच सातव्या नियमात पुढे आलेला आहे, त्यावर निदान भांडता तरी येतं, घड्याळ लावून बसता येतं. आवाजाच्या बाबतीत भांडायचं कशाच्या जोरावर? मी म्हणणार मोठा आहे, ते म्हणणार नाही.

ट्रायने, म्हणजे आपल्याकडच्या दूरसंचार नियामकाने, २०१२ मध्ये जाहिरातींबद्दल जे नियम काढले त्यात एक कलम होतं की जाहिरातीचा आवाज कार्यक्रमाच्या आवाजापेक्षा जास्त नसावा. इतकं साधं वाक्य. २०१३ च्या दुरुस्तीत ते कलम गेलं, फक्त १२ मिनिटांची मर्यादा उरली, आणि तीसुद्धा कोर्टात अडकली. ते वाक्य गेल्याचं मला फार वाईट वाटतं. बाबांना मशीन लागलं तेव्हा तो नियम दहा वर्षं मुरलेला असता.

माझ्या भावाचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो सरकारला दुसरी कामं नाहीत का, म्यूट करा, चॅनेल बदला, नाहीतर टीव्ही बंद करा. रिमोटच्या बटणांचं मी वर सांगितलंच, म्यूटचं बटण बाबांच्या बोटाला सापडेपर्यंत अर्धी जाहिरात संपलेली असते. चॅनेल बदलून जाणार कुठे, सगळीकडे तेच. आणि ही गोष्ट कंपन्यांवर सोडून होणार नाही असं मला मनापासून वाटतं, कारण एका साबणवाल्याने आपली जाहिरात हळू केली तर पुढच्याच सेकंदाला दुसऱ्याची ओरडून येते आणि हळूवाला मेला. सगळ्यांनी एकदम खाली यायचं असेल तर कुणीतरी बाहेरून रेघ मारावीच लागते. वरातीतल्या डीजेचं तेच आहे ना, एकाने भिंत उभी केली की दुसऱ्या मंडळाला त्याहून उंच लागते. तिथे रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद असा नियम आहे, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असे आकडे २००० सालच्या नियमांत आहेत. पाळले जातात का हा वेगळा विषय, पण निदान पोलिसांना दाखवायला आकडा आहे.

भावाची दुसरी भीती मला जास्त पटते, की सरकारला एकदा टीव्हीत हात घालू दिला की ते काय बोलायचं तेपण ठरवणार. पण आवाजाच्या पातळीला कुणाचं मत नसतं. जाहिरातीत काय म्हणायचं ते म्हणा, कुणाला घ्यायचं त्याला घ्या, उणे २३ म्हणजे उणे २३, सत्ताधाऱ्यांच्या जाहिरातीला पण आणि विरोधकांच्या पण. उलट 'अवाजवी' असा मोघम शब्द ठेवला की अधिकाऱ्याच्या मर्जीवर जातं, तेच जास्त धोक्याचं.

आणि जमणार नाही असंही काही नाही. माझी एक मैत्रीण मुंबईत साउंड स्टुडिओत काम करते, ती म्हणाली आम्ही हे रोजच करतो गं, नेटफ्लिक्सला मिक्स द्यायचं तर संवादाची सरासरी उणे २७ ला आणून द्यावी लागते, नाहीतर परत येतं. तेच इंजिनियर, तीच मशिनं. टीव्हीच्या जाहिरातीला मात्र क्लायंट मागे उभा राहून म्हणतो अजून थोडं वाढव. नियमात आकडा असता तर तिला त्याला नाही म्हणता आलं असतं.

मला हवंय ते एवढंच. 'अवाजवी' च्या जागी आकडा, छोट्या जाहिरातीसाठी पूर्ण सरासरी आणि मधल्या काही सेकंदांची कमाल मर्यादा दोन्ही (नाहीतर पहिली २० सेकंद गप्प बसून शेवटची १० सेकंद ओरडतील आणि सरासरी बरोबर दाखवतील), आणि सिरियलवाल्यांनाही संवाद इतके खाली ठेवू नका असं सांगणारी एक ओळ, कारण अर्धा घोळ तिथेच आहे.

तोपर्यंत जे आहे ते वापरायचं. २०२१ पासून चॅनेलकडे तक्रार केली तर २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायला हवा असा नियम आहे. मी एका चॅनेलला मेल केला, पोच आली, पुढे काहीच नाही, आता वरच्या पायरीवर जाणार आहे. त्यांना तारीख आणि वेळ लागते. आई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिते, त्याच चौकोनांत आता बाबा लिहायला लागलेत, अक्षर थरथरतं पण वाचता येतं. मंगळवारच्या चौकोनात दूध दीड लिटर आणि त्याखाली ८.१४ साबण, ८.३१ सिमेंट, ८.३२ परत साबण. रविवारी आईने त्या पानाचा फोटो पाठवला, तो तक्रारीला जोडतेय.