टोयोटा 86 ची चाकं, अपडेट 4: थरथर सापडली एकदाची

नवी चाकं लावल्यावर गाडी का थरथरते ते सापडलं! तीन आठवडे डोकं फिरलं होतं, चार वेळा बॅलन्सिंग झालं, ब्रेक डिस्क मागवायच्या बेतात होतो, आणि शेवटी चोर निघाली एक ॲल्युमिनियमची रिंग, जी मीच माझ्या हाताने बसवली होती. क्रमाने सांगतो.

मागच्या वेळी चाकं नुसती आली होती. मूळची 17×7 ईटी48 (17 इंच व्यास, 7 इंच रुंदी; ईटी म्हणजे चाकाची हबला, म्हणजे ज्या फिरत्या भागावर चाक बसतं त्याला, टेकणारी बाजू मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे ते), नवी 17×8 ईटी45, फ्लो फॉर्म्ड, 5×100 (100 मिमीच्या वर्तुळावर पाच नट). म्हणजे बाहेरच्या बाजूला 15.7 मिमी पुढे आणि आतल्या बाजूला 9.7 मिमी. स्ट्रटपाशी बोट आरामात जातं, स्टिअरिंग पूर्ण वळवून, गाडी दाबून बघितलं, कुठेच घासत नाही. ईटी35 घ्यायचा मोह झाला होता, फोटोत काय दिसतं ते, पण चाक तेवढं बाहेर काढलं की स्क्रब रेडियस (स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला टेकतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) बदलतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हिसके द्यायला लागतं, त्यामुळे आवरलं स्वतःला.

वजन. बॅगा तोलायच्या लटकत्या काट्यावर मूळचं चाक टायरशिवाय 9.6 किलो, नवं 7.7. फरक 1.9. चार वेळा तोललं, चारही वेळा तेवढंच भरलं आणि चारही वेळा तेवढाच आनंद झाला. टीई37 या प्रसिद्ध हलक्या जपानी चाकाच्या नावातले 37 म्हणजे 15 इंची चाकाचे 3.7 किलो असं सांगतात, 1996 सालचं डिझाइन आहे ते, तिथवर आपण काही पोचत नाही. पण फोर्ज्ड (दाबून घडवलेली, महागडी) न घेता एवढं उतरलं म्हणजे वाईट नाही. फ्लो फॉर्मिंगमध्ये चाकाचा मधला भाग ओतलेलाच असतो, फक्त बॅरल गरम करून रोलरने दाबून ताणतात, त्यामुळे ते पातळ होऊनही मजबूत राहतं. आणि हो, जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे चाकाच्या मजबुतीचे दोन्ही जपानी शिक्के आत आहेत का ते बघूनच घेतली. शिक्का नसलेलं हलकं चाक मी फुकट मिळालं तरी बसवणार नाही.

बसवली, टॉर्क केला, निघालो. 80 पर्यंत मलई. 95 ला स्टिअरिंग थरथरायला लागलं, 110 पर्यंत थरथरत राहिलं आणि त्यापुढे कमी झालं. न्यूट्रलला टाकून बघितलं, तीच थरथर, म्हणजे इंजिन नाही. ब्रेक लावला तरी वाढत नाही, म्हणजे डिस्क नसावी (तरी मला डिस्कचाच संशय येत राहिला, का कुणास ठाऊक).

टायरवाल्याकडे गेलो. मशीनवर एका चाकाला 15 ग्रॅम, दुसऱ्याला 5. चिकटवले, 0-0 आलं. रस्त्यावर तीच थरथर. दुसऱ्या दिवशी दुसरं दुकान, दुसरं मशीन, परत 0-0. तिथला माणूस म्हणाला हलक्या चाकांना असं होतंच. हे असं बोलणाऱ्यांचा मला फार राग येतो. चाक हलकं झालं म्हणून ते चौकोनी होतं का?

मग पुढची चाकं मागे टाकली. थरथर स्टिअरिंगमधून गेली आणि सीटमध्ये आली. वाटलं, झालं, दोनातलं एखादं चाक वाकडं निघालं, आता परत पाठवा, वाद घाला. पण पाठवायच्या आधी एकदा खात्री करावी म्हणून तीच चाकं परत पुढे लावली आणि थरथर जवळजवळ गायब! आनंदात झोपलो. दोन दिवसांनी ब्रेक पॅड बघायला चाकं काढली, परत लावली आणि थरथर पहिल्यापेक्षा जास्त.

इथे ट्यूब पेटली. खरं तर आधीच पेटायला हवी होती. चाक वाकडं असेल तर ते कायम तेवढंच वाकडं असणार ना, काढून लावल्यावर थरथर कमीजास्त कशी होईल? म्हणजे दोष चाकात नाही, चाक हबवर कुठे बसतंय त्यात आहे.

डायल गेज (चाक फिरताना किती डगमगतं ते मोजणारा काटा) काढला, मॅग्नेटिक स्टँड लावला, रिमच्या कडेवर टेकवून चाक हाताने फिरवलं. 0.45 मिमी डगमग. तेच चाक बॅलन्सिंग मशीनवर 0.1 मिमी. एवढा फरक! मशीनवर चाक शंकूने सेंटर होतं, तो शंकू थेट चाकाच्या 73.1 मिमीच्या भोकात बसतो, हब रिंगचा (हे मोठं भोक आणि गाडीचा लहान हब यांच्यातली फट भरणारी रिंग) तिथे काही संबंधच येत नाही. म्हणून मशीन बिचारं खरंच सांगत होतं, 0-0.

रिंग काढली, आतला कोरलेला आकडा पुसून वाचला. 56.6. आपल्या गाडीचा हब 56.1. पाकिटावर 56.1 च छापलंय, आत 56.6 घातलेत. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण व्हर्नियर (मिमीचे भाग मोजणारं माप) लावून मी बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, आणि व्हर्नियर माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून होता.

अर्धा मिमी म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. मलाही वाटलं, म्हणून गणित केलं. व्यासात 0.5 चा फरक म्हणजे चाक जास्तीत जास्त 0.25 मिमी एका बाजूला सरकू शकतं. चाक अधिक टायर 17.9 किलो. 17,900 ग्रॅम गुणिले 0.25, भागिले रिमची त्रिज्या 216 मिमी, म्हणजे रिमवर साधारण 20 ग्रॅमचं वजन चुकीच्या जागी चिकटवल्यासारखं. 100 च्या वेगाला चाक सेकंदाला 14 फेऱ्या मारतं आणि दर फेरीला साधारण साडेतीन किलोचा धक्का. सस्पेन्शनची चाकासकट थरथरायची स्वतःची लय साधारण त्याच आसपास असते, म्हणून ठरावीक वेगातच जाणवतं आणि पुढे विरतं.

आता कुणीतरी म्हणणार की शंकूवाले नट चाकाला आपोआप सेंटर करतात, रिंग कशाला हवी. करतात, पण कधी? चाक हवेत असताना, पाचही नट आधी हाताने, मग ताऱ्याच्या क्रमाने थोडे थोडे आवळले तर. मी काय केलं होतं? घाईत इम्पॅक्ट गनने एक नट पूर्ण हाणला आणि मग बाकीचे. पहिला नट जिकडे ओढेल तिकडे चाक गेलं आणि तिथेच अडकलं. जेव्हा थरथर गायब झाली होती तेव्हा गनची बॅटरी संपली होती म्हणून सगळं हाताने केलं होतं, हे नंतर आठवलं.

नवीन रिंगा आणल्या, या वेळी दुकानातच व्हर्नियर लावून मोजल्या (दुकानदार बघत राहिला). हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून गंज काढला, कारण गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी चाक तिरकं बसतं. रिंगच्या आतल्या कडेला चॅम्फर (तिरका काप) आहे ना तेही बघा, हबच्या मुळाशी छोटी गोलाई असते, रिंग तिच्यावर चढली तर चाक सपाट टेकतच नाही. प्लास्टिक की ॲल्युमिनियम यावर भांडणं चालू राहोत. ट्रॅकवर ब्रेकच्या उष्णतेत प्लास्टिक मऊ पडू शकतं आणि ॲल्युमिनियम हबला चिकटून बसतं, मी ॲल्युमिनियमच घेतल्या आणि आत ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. नट मात्र स्टीलचेच. ते रंगीत ॲल्युमिनियमचे नट आपल्या 1.25 च्या बारीक आट्यांवर बघितले तरी मला घाम फुटतो. टॉर्क रेंचने 120 न्यूटन मीटर, गन कपाटात.

गेजवर 0.12. गाडी बाहेर काढली. 95, 100, 110, काहीच नाही! स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून गेलो, काही म्हणजे काही नाही. मग परत वळून तोच पट्टा पुन्हा एकदा, उगाच.

आता गाडी हलकी वाटते का? वळताना नाक थोडं लवकर वळतंय असं वाटतं, पण थरथर गेल्याच्या आनंदात मला काहीही वाटेल, तेव्हा माझं ऐकू नका. चाकाचा 1 किलो म्हणजे गाडीचे 10 किलो असं जे छातीठोक सांगतात ते मात्र पिकअपच्या बाबतीत साफ चूक आहे. रिमवरचं वजन फिरवायलाही जोर लागतो, पण रिमची त्रिज्या 216 आणि टायरची 313, त्या गुणोत्तराचा वर्ग 0.48, म्हणजे 1 किलो कमी केलं की साधारण दीड किलो कमी केल्यासारखं. संपलं. खड्ड्यावर चाक रस्त्याला जास्त चिकटून राहतं, तो फायदा वेगळा आणि खरा.

आणि हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की मी स्वतःलाच गंडवलंय. मूळचा 215/45 टायर (215 मिमी रुंद) काट्यावर 9.3 भरला होता, नवा 225/45 भरतोय 10.2. टायरचं बरंचसं वजन ट्रेडमध्ये, म्हणजे सगळ्यात बाहेर, तिथला 1 किलो 1.8 च्या आसपास मोजावा लागतो. चाकात कमावले 2.8 (1.9 गुणिले 1.48), टायरमध्ये घालवले 1.6 (0.9 गुणिले 1.8). अर्ध्याहून जास्त कमाई रबराने खाल्ली! म्हणजे यानंतरची चाकं फोर्ज्ड घ्यायची जी योजना मागच्या वेळी लिहिली होती ती सध्या बाजूला. 8 इंची रिमवर 215/45 चालतो, वरच्या टोकाला आहे पण चालतो. तेव्हा आधी 215 मधले दोन-तीन टायर घेऊन त्यांची वजनं करायची, कंपनीच्या आकड्यावर न जाता, काटा घेऊन.

कुणी 8 इंचावर 215 चालवत असेल तर साइडवॉल किती ताणलेली दिसते त्याचा फोटो टाका. मी आता खाली जातोय, 100 किमी झाले, नट परत टॉर्कवर तपासायचे आहेत.