सातारा गिळणाऱ्याच्या नावाचं गाव

सहलीसाठी हिमाचलातलं डलहौसी ठरलं तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा काढून विचारलं, “डलहौसी? सातारा खालसा करणारा, तोच ना?”

तोच. १८४८ मध्ये तो गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि दत्तक वारस नामंजूर करून त्यानं साताऱ्याचं राज्य गिळलं. पुढे झाशी आणि नागपूरही. १८५३ मध्ये इंग्रजांनी चंब्याच्या राजाकडून पाच टेकड्या घेतल्या, १८५४ मध्ये हवा खायला तिथं गाव वसवलं आणि नाव दिलं ते याचं. इतिहास शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला हे खुपणारच. पण मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकला आणि अण्णांनी स्वतःच मफलर शोधायला घेतला.

मनमाडला जाऊन झेलम एक्सप्रेस पकडली की ती थेट पठाणकोटला सोडते. पठाणकोट आपल्या जळगावासारखंच तापलेलं. तिथून ऐंशीएक किलोमीटरचा घाट चढायचा. बनीखेत मागे पडलं की देवदार सुरू होतात आणि गाडीतले सगळे एकदम गप्प होतात. निम्मे झाडं बघून, निम्मे वळणांनी मळमळून. डलहौसी साधारण दोन हजार मीटरवर आहे. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे इथला बाजारच महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून उंचावर भरतो.

गावात बघण्यासारखं तसं फार नाही. सुभाष चौक आणि गांधी चौक, प्रत्येक चौकात एकेक जुनं चर्च, आणि दोन्ही चौकांना जोडणाऱ्या गरम सडक अन् थंडी सडक. एकीवर ऊन, दुसरीवर सावली. सासूबाई रोज गरम सडकेनं जायच्या, आम्ही थंडीनं, आणि मोमोच्या गाडीपाशी भेट व्हायची. सुभाषबाबू १९३७ मध्ये प्रकृती सुधारायला इथं येऊन राहिले होते. ते ज्या झऱ्याचं पाणी पीत, ती सुभाष बावली आजही दाखवतात.

अण्णांचा राग निवळला तो पंचपुल्याला. बाकीचे पर्यटक धबधब्यापाशी फोटो काढत होते (मे महिन्यात त्याला धबधबा म्हणणं म्हणजे मोठं मन हवं), आणि अण्णा सरदार अजित सिंगांच्या समाधीपाशी उभे होते. हे भगतसिंगांचे काका. मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात, पण त्यांच्या आदल्याच वर्षी, १९०७ मध्ये, शेतसारा आणि कालव्याच्या पाणीपट्टीविरुद्ध पंजाबचे शेतकरी उठवल्याबद्दल लाला लजपत राय आणि अजित सिंगांना तिथं धाडलं होतं. सुटल्यावर अजित सिंग देशाबाहेर निसटले आणि जवळजवळ चार दशकं परदेशातच राहिले. १९४७ मध्ये परतले, डलहौसीला आले आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी इथंच वारले. अण्णांनी शेजारच्या लुधियानाच्या कुटुंबाला कलेक्टर जॅक्सन, त्याला गोळ्या घालणारे अनंत कान्हेरे आणि नाशिकचं विजयानंद थिएटर असं सगळं १९०९ चं प्रकरण मोडक्या हिंदीत ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे विशेष.

डलहौसीजवळच्या खज्जियारला मात्र मी थोडी वैतागले. देवदारांच्या कड्यात हिरवंगार कुरण, मधे तळं, जागा सुंदरच. पण तळ्यात आता पाण्यापेक्षा गवत जास्त आणि भोवती घोडेवाल्यांचा गराडा. १९९२ पासून याला ‘मिनी स्वित्झर्लंड’ म्हणतात, बर्नचं अंतर लिहिलेली पिवळी पाटीही आहे आणि गर्दी त्या पाटीपाशीच. पन्नास पावलांवरच्या खज्जी नागाच्या जुन्या देवळात कुणी नाही. तिथं छताखाली पांडवांच्या लाकडी मूर्ती आहेत. आमच्या पांडवलेण्यांत सगळी बौद्ध लेणी, पांडव नावापुरतेच. ते भेटले थेट हिमाचलात.

खरं डोळ्यांत भरलं ते चंबा. खज्जियारहून चोवीसेक किलोमीटर उतरलं की रावीच्या काठी हे हजार वर्षांचं गाव लागतं. लक्ष्मीनारायणाच्या आवारात सहा दगडी देवळं ओळीनं उभी आहेत. शिखरं पाहून सिन्नरचा गोंदेश्वर आठवतो, पण इथं प्रत्येक शिखरावर बर्फ घसरून जावा म्हणून लाकडी छत्री चढवलेली. भूरी सिंह संग्रहालयात चंबा रुमाल पाहिले. रेशमी धाग्यांनी भरलेली रासलीला, आणि कापड उलटून पाहिलं तरी तीच रासलीला, तितकीच सुबक. गाठ कुठं दिसत नाही. सासूबाईंनी आयुष्यभर भरतकाम केलंय. त्या काचेला नाक लावून इतका वेळ थांबल्या की रखवालदारानं त्यांना खुर्ची आणून दिली.

राजमा मद्रा खाऊन परत निघालो. दह्यात शिजवलेला राजमा आंबट लागेल असं वाटलं होतं, तसं काही नाही. पुढच्या खेपेला मुक्काम चंब्यालाच, असं अण्णांनी जीपमध्येच जाहीर केलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “तिथं पंखा लागतो का?” ड्रायव्हर म्हणाला, मे-जूनमध्ये लागतो. चंबा हजार मीटरच्या आसपासच आहे, तेव्हा जाणार असाल तर ऑक्टोबरमध्ये जा.